तो वाघ मी नव्हतो

ही गोष्ट मी आयुष्यात पुष्कळांना सांगितली. बसच्या डेपोत सांगितली, लग्नाच्या मांडवात सांगितली, मुलीला झोपवताना तर कितीदा सांगितली. खरी मात्र अगदी अलीकडेपर्यंत एकदाही सांगितली नाही. खरं सांगायची वेळ जेव्हा जेव्हा तोंडाशी आली, तेव्हा मी पाणी मागितलं, चष्मा शोधला, नाहीतर विषय भलतीकडे नेला. वर्षानुवर्षं हे जमत गेलं. ज्याच्या देखत ती सांगायला हवी होती, तो माझा धाकटा भाऊ आता राहिला नाही. तरीही मी ती आज शेवटपर्यंत लिहिणार आहे. कोणी चहाला हाक मारली तरी उठणार नाही.

आमचं लहानपण जुन्या नागपुरातल्या एका वस्तीत गेलं. तिथे मोहरमच्या दिवसांत माणसं वाघ होत. कोणाचं मूल दुखण्यातून उठलं की आई नवस बोलायची, माझा पोरगा इतकी वर्षं वाघ होईल. नवस बोलणारं घर हिंदू की मुसलमान, हे कोणी विचारत नसे. अंगभर पिवळा रंग, त्यावर काजळीचे पट्टे, पुठ्ठ्याचे कान, कमरेला तारेची शेपटी आणि शेपटीच्या टोकाला घुंगरू. पुढे ताशा वाजायचा आणि वाघ दारोदार नाचायचा. त्याचे नियम दोनच. अंगावर रंग असेतो वाघाने बोलायचं नाही. आणि ज्या दाराशी तो थांबला, तिथून काही मिळाल्याशिवाय त्याने हलायचं नाही. दारातला वाघ हाकलला तर घराला वाईट दिवस येतात, असं सगळी वस्ती मानत असे.

मला लहानपणी विषमज्वर झाला होता. मी वाचलो, म्हणून आईने नवस बोलला होता की मोठा मिसरूड फुटल्यावर पाच वर्षं वाघ होईल. चार वर्षं मी झालो. बरा नाचायचो. पाचव्या वर्षी, रंगवायला जायच्या सकाळी, दोन मित्र म्हणाले, दोन घोट मारले की रंग खाजवत नाही अन् पाय आपोआप उचलतात. आमच्या मागच्या गल्लीत एकाची हातभट्टी होती. माणूस दांडगा होता, त्याच्या वाटेला कोणी जात नसे. पुढच्या खोलीत दारूचे पिंप, मागच्या खोलीत पिणारे. मी कधी प्यायलेलो नव्हतो. त्या मागच्या खोलीत पोत्यांवर मी आडवा झालो तो झालोच.

माझा भाऊ माझ्यापेक्षा दीड वर्षाने लहान. उंची तीच, खांदे तेच, पाठमोरे असलो की आईसुद्धा चुकायची. रंगवणाऱ्या चाचांच्या अंगणात मी पोचलो नाही म्हणून तो मला शोधत निघाला आणि भट्टीच्या मागच्या दारातून त्याने मला पाहिलं. त्याने मला हलवलं, गालावर मारलं, तोंडावर पाणी टाकलं. मी उठलो नाही. घरी आई उपाशी होती, वाघ दारात आल्याशिवाय ती जेवायची नाही. नवसाचं शेवटचं वर्ष. तेव्हा तो गेला आणि माझ्या जागी चाचांपुढे स्टुलावर बसला. चाचांची नजर अधू होती, पण चार वर्षं ज्या अंगावर पट्टे काढले ते अंग त्यांना कळलं नसेल, असं मला वाटत नाही. ते काही बोलले नाहीत. तेही आता नाहीत.

मला जाग आली ती ताशाने. तट्ट्याच्या फटीतून बाहेर पाहिलं. भट्टीच्या दारासमोर वाघ बसला होता. नशेत मला आधी वाटलं, बाहेर मीच बसलो आहे. मग हळूहळू कळलं कोण आहे ते.

तो मला न्यायला आला होता. बोलता येत नव्हतं, कारण तो वाघ होता. आत शिरून मला ओढता येत नव्हतं, कारण मग दोघे भाऊ शेजारी शेजारी दिसले असते, आणि वाघ कोण ते सगळ्यांना कळलं असतं. म्हणून तो दारात बसला आणि पंज्याने आत बोट दाखवत राहिला. भट्टीवाल्याने नारळ आणला. वाघ हलला नाही. पैसे आणले, कोंबडा आणला. वाघाचा पंजा तसाच. गर्दी जमली. दारात वाघ आणि भोवती अख्खी वस्ती, त्यामुळे गिऱ्हाईकही फिरकेना. गर्दीतल्या एका म्हातारीने ओरडून सांगितलं, “अरे बावा, त्याले दारू सांडलेली पाह्यजे! पिंपाकडं बोट दाखवून राहिला ना तो!”

पिंप मी होतो त्या खोलीच्या पुढे होते. बोट एकाच दिशेला होतं. बायकांनी तेच उचलून धरलं. भट्टीवाल्याची सून पोटुशी होती. त्याची बायको रडत बाहेर आली आणि म्हणाली, द्या काय मागते ते, माह्या घरावर वाईट आणू नोका. शेवटी त्या दांडग्या माणसाने आपल्या हाताने पिंप नालीत पालथे केले. वस्तीने टाळ्या वाजवल्या. वाघ तरी उठला नाही. त्याला दारूशी काही घेणंदेणं नव्हतं. मी मागच्या दाराने रांगत निघालो आणि गल्लीच्या कोपऱ्यावर त्याला दिसलो, तेव्हा कुठे तो उठला.

खरं तेवढंच. कोणी कोणाला हात लावला नाही.

आईच्या दारात नाचून झाल्यावर, दिवस मावळता मावळता, त्याने मला मोकळ्या मैदानाच्या विहिरीपाशी गाठलं. रंग अजून ओला होता, घामाने उतरत होता. त्याने स्वतःच्या छातीवरचा पिवळा रंग बोटांवर घेतला आणि माझ्या कानांमागे, नखांच्या कडांना चोळला. “आईनं विचारलं तर धुतला म्हणजो,” नियम मोडून तो म्हणाला. “कानामागं राह्यतेच थोडा.”

मी घरी गेलो. आईने माझी दृष्ट काढली.

त्या मागोमाग कोणीतरी बाबांच्या कानावर घातलं, तुमचा एक पोरगा भट्टीत पडला होता. आता आम्ही भाऊ दोन. एक वाघ झालेला, सगळ्या वस्तीने पाहिलेला. मग भट्टीतला कोण, हे सांगायला कोणाची गरज नव्हती. बाबांनी कमरेचा पट्टा काढला. भाऊ एकदाच माझ्याकडे पाहून खाली बसला. माझ्या कानांमागे पिवळा रंग होता. मी बोललो असतो तर आईचा नवस मोडला असता, हे मी स्वतःला नंतर फार वर्षं सांगत आलो. त्या वेळी मनात नवस नव्हता. पट्ट्याची भीती होती.

त्याच आठवड्यात त्याला खाप्याला मामाच्या हातमागावर धाडलं. “इथं ठेवला तर बिघडन,” बाबा म्हणाले. तो जन्मात एक थेंब प्यायला नाही.

इकडे मी वाघ झालो. वस्तीतल्या पुढाऱ्याने सिटी बसमध्ये कंडक्टर म्हणून चिकटवून दिलं. वाघाला मुलगी दिली, असं सासरे कौतुकाने सांगत. गोष्टीत आधी एक ठोसा आला, मग चार गुंड आले, मग भट्टीवाला माझ्या पाया पडला. बसून जिंकलेली लढाई कोणाला ऐकायला नको असते. बसमध्ये कोणी पाकीट मारलं की लोक माझ्याकडे पाहत, आणि खरं सांगायचं तर त्या नावाच्या जोरावर मी चोरांना धरलंही. दोन-तीनदा चांगला मारही खाल्ला. वय झालं, नोकरी संपली, बायको गेली, तसा वाघही मी खुंटीला टांगला. शहराच्या कडेला हुडकेश्वरला मुलीने घर बांधलं, त्याच्या वरच्या खोलीत राहायला गेलो. जावई फिरतीच्या नोकरीवर. मी भाजी आणायची, नळाची वेळ पाहायची, नातवाला शाळेत सोडायचं, असे माझे दिवस बरे चालले होते.

भावाबद्दल घरात एवढंच ठाऊक होतं की खाप्याचे काका तरुणपणी प्यायचे. मुलीच्या लग्नात त्याच्यावर लक्ष ठेवायला एका पोट्ट्याला सांगितलं होतं. तो पोट्टा रात्रभर त्याच्या खुर्चीमागे उभा. भावाने त्याला शेजारी बसवून घेतलं आणि आपल्या ताटातला गुलाबजाम दिला.

मुलगी अंगणवाडीत काम करते. अंगणवाडीला लागून एक रिकामा प्लॉट आहे. गेल्या उन्हाळ्यापासून तिथे एक तरुण स्कूटर लावून डिक्कीतून दारूच्या थैल्या विकू लागला. दुपारी पोरं सुटायच्या वेळेला तिथे झिंगलेली माणसं. बायकांनी तक्रार केली. पोलिसांची गाडी आली, त्या दिवशी तो दिसला नाही, दुसऱ्या दिवशी हजर. एका दुपारी एका प्यालेल्याने अंगणवाडीच्या पायरीवर ओकारी केली, तेव्हा मुलगी सरळ चालत गेली आणि त्या विकणाऱ्याच्या थोबाडीत दिली. त्याने तिला ढकललं. ती नालीच्या फरशीवर पडली आणि उजवं मनगट मोडलं.

दवाखान्यात प्लॅस्टर घालताना ती माझ्याकडे पाहून हसली. “बाबा, तुमची पोट्टी हाये. मी काय भेणार होती?”

आणि थोड्या वेळाने, “आता तुम्हीच या एकदा मैदानात. बायकांना मी सांगून ठेवलं, माझे बाबा येतील म्हणून.”

ती मारायला गेली, कारण लहानपणापासून मी तिला ठोशांची गोष्ट सांगितली होती. ठोसा मारला की माणूस पाया पडतो, असं तिला मीच शिकवलं होतं. त्या दवाखान्याच्या बाकावर माझं ठरलं. त्या माणसाला तिथून उठवायचं, आणि जसं खरोखर झालं होतं तसं उठवायचं.

दुसऱ्या दिवशी मी खाप्याला गेलो. भाऊ ओसरीवर खाटेची निवार विणत बसला होता. माग बंद पडून जमाना झाला, पण त्याचे हात रिकामे राहत नसत.

“काहून गा भाऊ, असा न सांगता?”

“पोरीचा हात मोडला.” मी सगळं सांगितलं. त्याचे हात चालूच होते.

“मारायले गेली ती?”

“हो.”

“मारायचं कोणी शिकवलं तिले?” त्याने एक पट्टी ओढून घट्ट केली. “त्या दिवशी कोणी कोणाले हात लावला नव्हता भाऊ.”

इतक्या वर्षांत त्या दिवसाचं नाव आमच्यात पहिल्यांदा निघालं. तेच माझं बोलायचं ठिकाण होतं. मी म्हणालो, “माहीत हाये. आतून पाहून राहिलो होतो मी.” पुढचं वाक्य आलं नाही. त्याऐवजी म्हणालो, “तू चाल. तुलेच जमते ते.”

तो हसला. “बसायले का शिकावं लागते? उठायचं नाही, एवढंच.”

“मंग तू बस. मी ताशा वाजवतो.”

“नाही.” आता तो थांबला आणि त्याने वर पाहिलं. “आईच्या नवसाचं पाचवं वर्ष तुह्यावर बाकी हाये. चार तू केले. पाचवं म्या केलं. ते तुह्या नावावर कसं लागन?”

“आई जाऊन किती वर्षं झाली गा.”

“आईनं ज्याले नवस बोलला तो थोडीच गेला? मोहरम येऊन राहिला दोन हप्त्यांत. तू बस. ताशा मी वाजवतो.”

त्याला या गोष्टीचा राग नव्हता. त्याच्या लेखी फक्त एक काम अर्धवट राहिलं होतं, आणि ते त्याने तेवढी वर्षं लक्षात ठेवलं होतं.

ठरल्याप्रमाणे तो आला, बगलेत ताशा घेऊन. मुलीने वाकून नमस्कार केला आणि उठता उठता त्याच्या तोंडाचा वास घेतला. मी पाहिलं. त्यानेही पाहिलं. गच्चीवर त्याने मला स्टुलावर बसवलं आणि रंगवायला घेतलं. मुलगी डाव्या हातात काजळीची वाटी धरून उभी.

“बाबा, पोट आत घ्या, पट्टा वाकडा चालला.”

“राहू दे वं,” भाऊ म्हणाला. “रिटायर वाघ हाये. वाकडाच शोभते.”

जिना उतरताना गुडघे कुरकुरत होते आणि शेपटीचा घुंगरू प्रत्येक पायरीवर वाजत होता. शेजारच्या बाई दूध घेऊन येत होत्या. त्यांनी पिशवी खाली ठेवून हात जोडले. त्या मूळच्या उमरेडकडच्या, त्यांना वाघ ठाऊक होता. बाकीच्यांनी मोबाइल काढले.

मी प्लॉटवर, स्कूटर लागते त्या जागेच्या समोर, जमिनीवर बसलो. भाऊ प्लास्टिकच्या खुर्चीवर ताशा घेऊन. अंगणवाडीतली पोरं कुंपणाला लटकली. दुपारी तो तरुण आला.

“काय आबाजी, सर्कस इकडं कुठी उतरली?”

“इथंच उतरली,” भाऊ म्हणाला. “तिकीट नाही. पाहा बसून.”

“चलो, हवा आने दो. धंद्याचा टाइम हाये.”

“आमचाही तोच टाइम हाये बाप्पा.” आणि त्याने ताशावर काठ्या टाकल्या.

गिऱ्हाइकं यायची, गर्दी आणि मोबाइल पाहून लांबूनच वळायची. एकजण अगदी स्कूटरपाशी पोचला आणि कुंपणावरून त्याचंच पोरगं ओरडलं, “बाबा, वाघ पाहा! बाबा, इकडं!” तो क्षणभर गोंधळला, मग त्याने मुलाला कुंपणावरून उचलून घेतलं आणि घ्यायलाच आल्यासारखा घरी घेऊन गेला. बायका हसून हसून बेजार झाल्या. संध्याकाळपर्यंत डिक्की उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी कोणी हसलं नाही. त्या तरुणाबरोबर मोटारसायकलवर दोघे आले. गाडी माझ्या भोवती फिरवली, धूर सोडला. मग एकाने थैली फेकून मारली. ती माझ्या छातीवर फुटली. दारू पट्ट्यांमधून खाली ओघळली आणि तो वास नाकात शिरला, मागच्या खोलीतल्या पोत्यांवरचा तोच वास. भावाचा ताशा थांबला. मुलगी पुढे धावायला निघाली. मी हाताने तिला थांबवलं. पायाला मुंग्या आल्या होत्या, आणि मनात एवढंच होतं की आज उठलो तर मी पुन्हा त्याच पोत्यांवर जाऊन पडेन. उठायचं नाही. भावाने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा काठ्या टाकल्या. मग बायका एकेक करत येऊन माझ्या मागे जमिनीवर बसल्या. कोणी भाजी निवडायला घेऊन आली होती. ती दोघं पोरं थोडा वेळ गाडी नुसती गुरगुरवत राहिली आणि निघून गेली.

तिसऱ्या दिवशी त्या तरुणाची आई आली. गावाहून लेकाकडे आलेली, अंगात नऊवारी. कोणीतरी तिला सांगितलं असावं. वाघ पाहताच ती खाली बसली, माझ्या पायांना हात लावला आणि लेकाकडे वळली.

“काहून रे, वाघ बसला तुह्या दाराशी तीन दिवस, अन् तू त्याले काही देलं नाही?”

“आई, हे माझं दार कुठी हाये? नाटक हाये त्यांचं.”

“तू पोट कुठी भरतं? मंग तेच दार.” तिने माझ्याकडे पाहून हात जोडले. “काय पाह्यजे, दाखव बाप्पा.”

मी पंजा उचलला आणि डिक्कीकडे बोट केलं. या वेळी त्या बोटाचा अर्थ एकच होता, आणि कोणी तो चुकीचा लावला नाही.

म्हातारीने लेकाच्या खिशातून किल्ली काढली. तो “आई, लोकं पाहून राहिले” म्हणत राहिला. ती म्हणाली, “पाहू दे. तवा नाही लाज वाटली?” तिने एकेक थैली दातांनी फोडून मातीत रिकामी केली. मग आपला पदर सोडून माझ्यापुढे ओवाळला. तो तरुण स्कूटर ढकलत निघून गेला. पुढे कुठे दुसरीकडे बसला असेल, मला सांगता येत नाही. अंगणवाडीपाशी पुन्हा दिसला नाही. हात मोडल्याची पोलिसांत दिलेली तक्रार मुलीने मागे घेतली नाही, ती चालू आहे.

मी उठलो तेव्हा बायकांनी हार आणला. मुलगी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाली, “लहानपणापासून ऐकत आली, आज डोळ्यांनी पाह्यलं!” टाळ्या झाल्या. त्या शेजारच्या बाईंनी विचारलं, “अन् हे ताशेवाले भाऊ कोण वं?”

“माझे काका. खाप्याचे.” मग तिने आवाज खाली घेतला, पण एवढाही नाही. “पहिले प्यायचे. आता सोडली वाटते.”

भावाने ऐकलं. मीही ऐकलं. माझ्या अंगावर रंग होता, आणि रंग असेतो वाघाने बोलायचं नाही. नियम मी इमानाने पाळला. आयुष्यात कुठलाच नियम मी इतक्या तत्परतेने पाळला नसेल.

भाऊ ताशाची दोरी गुंडाळत हसला. “सोडली वं बाई. कवाचीच सोडली.”

सगळे हसले.

घरी गेल्यावर त्याने माझा रंग उतरवला. पूर्वी रॉकेल लावत, आता ते कुठे मिळतं, म्हणून खोबरेल तेल. मोरीत मी पाटावर उकिडवा बसलो आणि तो माझी पाठ चोळत होता. दोघेच होतो. रंग उतरत होता, बोलायला मोकळीक होती. त्याचे हात खांद्यांवरून मानेपाशी आले. “कानामागं राहिला थोडा,” तो म्हणाला. “राहू देऊ?” त्याच्या आवाजात थट्टा होती. मी मान खाली घातली. घशात शब्द होते, अगदी जुळवलेले. मी म्हणालो, “चहा घेशीन?”

“घेईन ना,” तो म्हणाला.

सीताबर्डीपर्यंत मी त्याला सोडायला गेलो. गर्दीत त्याने माझ्या नातवासाठी एक शिट्टी घेतली. पुढची बस लागली, तो चढला, खिडकीतून म्हणाला, “नवस फिटला गा भाऊ. आता मोकळा.” मी हात हलवला. ठरवलं की पोळ्याला जाईन आणि त्याच्या बायकापोरांसमोर सगळं सांगेन. पोळ्याला पाठ धरली. मग ठरवलं, दिवाळीनंतर. दिवाळीआधीच त्याच्या मुलाचा फोन आला. मी पोचलो तेव्हा त्याला आंघोळ घालून झाली होती. ओसरीवर ती खाट उभी करून ठेवली होती. नवी निवार, घट्ट विणलेली.

घरी परतल्यावर मी मुलीला सांगितलं. या वेळी पाणी मागितलं नाही. ती प्लॅस्टर निघालेलं मनगट चोळत बसली. मग म्हणाली, “लग्नात त्या पोट्ट्याला मागे उभं मीच केलं होतं, बाबा.” आणि नंतर, “तुम्ही काकांना हे म्हणालात का कधी?”

“नाही.”

“मग खाप्याला चला. काकूंसमोर, त्यांच्या पोरांसमोर. मी येते बरोबर.”

त्याच्या वर्षश्राद्धाला आम्ही जाणार आहोत. बोलताना माझी जीभ कशी वळते हे मला ठाऊक आहे, म्हणून हे कागद मी वाचूनच दाखवणार. ज्यांनी ज्यांनी माझ्याकडून ठोशांची गोष्ट ऐकली आहे, त्यांनीही हे वाचावं. मोरीत त्याच्या हाताखाली बसलो असताना जे जुळवून ठेवलं होतं, ते असं होतं:

भट्टीत म्या पडलो होतो. वाघ तू होतास. बाबांनी पट्टा काढला तवा तू माह्याकडं पाह्यलं, अन् म्या बोललो नाही. तुह्या अंगावरचा रंग लावून म्या अख्खी जिंदगी काढली. चुकलो गा. मले माफ कर.